रोल संपवायचा म्हणून

आजी गेली तेव्हा तिचा एकटीचा धड एक फोटो सापडेना.

२०२१ चा एप्रिल होता. लॉकडाऊनमुळे दहिवडीच्या घरी आम्ही मोजकीच माणसं होतो. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. ‘तुझ्या फोनमध्ये असतील की,’ बाबा म्हणाले. होते. फोनमधल्या अ‍ॅपने आजीचा चेहरा ओळखून सगळे फोटो एका जागी गोळा करून ठेवले होते. दोनशे चौदा. लग्नं, बारशी, दिवाळ्या, वाढदिवस. प्रत्येक ठिकाणी आजी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागून अर्धी दिसणारी. शेवटच्या दोन वर्षांतल्या काही फोटोंत ती एकटी होती, पण औषधांनी चेहरा सुजलेला. ‘आजारपणातला फोटो नको,’ आत्या म्हणाली, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही.

मग आत्यानेच माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात आजोबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या निगेटिव्ह होत्या आणि एक चाळीस पानी वही होती. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक. हजेरीपटासारख्या रेघा आखून त्यांनी प्रत्येक रोलचा हिशोब लिहिला होता. शेवटची नोंद १९८८ ची, ते निवृत्त झाले त्या वर्षाची:

रोल ३१. फोटो १२. घरी. रोल संपवणे.

टॅबलेटच्या पडद्यावर पांढराशुभ्र उजेड करून मी ती निगेटिव्ह वर ठेवली, फोनने तिचा फोटो काढला आणि रंग उलटे केले. ओट्यावर बसून आजी सुपात तांदूळ निवडत होती. पंचेचाळिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, केसांची एक बट सुटलेली, मान किंचित खाली. ओठांवर हसू आणि वैताग यांच्या मधलं काहीतरी.

‘चेहरा झकास आलाय, पण असला फोटो लावत्यात का रं भिंतीला?’ आत्या म्हणाली. ‘सूप घेऊन?’

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. अशा वेळी घरात सगळे माझ्याकडे बघतात. रात्री दोन तास बसून मी सूप काढून टाकलं, ओटा काढून टाकला, चुलतबहिणीच्या लग्नातल्या एका फोटोतून जरीकाठी पदर आणून आजीच्या खांद्यावर बसवला आणि मागे निळा रंग भरला. सकाळी सगळ्यांना फोटो आवडला. अजूनही तोच भिंतीवर आहे.

त्यात एक चूक आहे, ती मला महिनाभराने कळली. आजी त्या फोटोत खाली बघते आहे. ती ज्याकडे बघत होती ते मी पुसलं. आता ती निळ्या रंगात कुठेच बघत नाही.

* * *

मी जे केलं ते फोटोशॉपच्या जमान्यातलं पाप आहे, अशी माझी समजूत होती. छायाचित्रणाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की मुंबईत हे दीडशे वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भारतातली ही अशी पहिली संस्था. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले. सोसायटीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजीही. नारायण दाजी पेशाने डॉक्टर आणि आवडीने छायाचित्रकार. म्हणजे आजच्या भाषेत हौशी. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातींची, व्यवसायांची माणसं त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभी केली.

हौस त्या काळी स्वस्त नव्हती. सोपी तर मुळीच नव्हती. १८५१ मध्ये शोधलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि ती वाळायच्या आत, पंधराएक मिनिटांत, अंधाऱ्या जागी नेऊन धुवायची. जिथे फोटो काढायचा तिथे डार्करूमही सोबत न्यायची. एवढा खटाटोप करून कुणी शेजारीण तांदूळ कशी निवडते याचा फोटो काढणार नाही. ज्याचं काहीतरी महत्त्व आधीच ठरलंय त्याचाच काढणार. देऊळ, लेणी, राजा, साहेब. सामान्य माणूस आलाच तर ‘नमुना’ म्हणून.

१८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिक काढलं. नावातच ‘हौशी’ आहे. प्रत्येक अंकात छापाच्या चित्रांऐवजी खरीखुरी छायाचित्रं चिकटवलेली असत. याच जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसांचे फोटो एका जागी काढले आहेत आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून आणून जोडला आहे. माणूस त्याच्या जागेवरून उचलायचा आणि शोभेल अशा जागी ठेवायचा. ओळींत जात, धंदा, पेहराव यांची माहिती मिळते. माणसाचं नाव बहुधा मिळत नाही.

हे वाचलं त्या रात्री मी माझी फोटोशॉपची फाइल पुन्हा उघडली. लेयर क्रमांक चार: ‘बॅकग्राउंड ब्लू’. लेयर क्रमांक सहा: ‘पदर’.

* * *

छायाचित्र डॉक्टर आणि साहेबांच्या हातून सुटून मास्तरांच्या हातात यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा पंचवीस डॉलरला विकायला काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरूनच येई. शंभर संपले की आख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. १९०० मध्ये त्याच कंपनीचा ब्राउनी कॅमेरा आला, किंमत एक डॉलर. ब्राउनीच्या पुढच्या मॉडेलसाठी १९०१ मध्ये १२० क्रमांकाचा रोल आला. काळ्या जाड कागदात गुंडाळलेली फिल्म आणि कागदाच्या पाठीवर छापलेले आकडे. हाच १२० चा रोल सत्तर वर्षांनी आजोबांच्या क्लिक थ्रीमध्ये जायचा. आज माझ्या हातात पडला तोही तोच. मी कॉलेजात शिकलेल्या अर्ध्या तंत्रज्ञानाचं आयुष्य दहा वर्षंही नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरे आणि फिल्म यांच्या आयातीवर निर्बंध होते, कर भारी होते. म्हणून इथेच काय बनतं याला महत्त्व आलं. आग्फाचे क्लिक थ्री आणि आयसोली हे कॅमेरे जर्मन कंपनीच्या सहकार्याने बडोद्यात बनू लागले. फिल्मसाठी केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. उटीच्या थंड, धूळ नसलेल्या हवेत तिचा कारखाना उभा राहिला आणि १९६७ मध्ये ‘इंदू’ नावाची फिल्म बाजारात आली. आजोबांच्या वहीत आधीच्या रोलांपुढे ‘आग्फा’ लिहिलंय आणि नंतरच्या बऱ्याच रोलांपुढे ‘इंदू’.

क्लिक थ्री हा इंजिनीअरच्या नजरेने पाहिला तर जवळजवळ रिकामा डबा आहे. बॅटरी नाही. फोकस जुळवायची सोय नाही. शटरचा वेग एकच. ऊन आहे की ढगाळ, एवढंच ठरवायचं. माणूस दहा फुटांच्या आत नको आणि सूर्य पाठीशी हवा, हे दोन नियम पाळले की फोटो येतो. मागे एक छोटी लाल काच असते. बाजूची चकती फिरवत राहायचं, काचेत पुढचा आकडा दिसला की थांबायचं. चौकोनी बारा फोटो. संपले की उरलेला कागद शेवटपर्यंत गुंडाळायचा, टोकाची डिंक लावलेली पट्टी जिभेने ओली करून चिकटवायची आणि रोल एसटीने साताऱ्याला स्टुडिओत.

आता इथे एक साधी अडचण आहे. माझा सगळा निबंध तिच्यावर उभा आहे. रोल अर्ध्यात काढता येत नाही. लग्नाचे सहा फोटो काढले, पाहुणे पत्रं पाठवायला लागले की ‘फोटो कधी येणार?’ आणि कॅमेऱ्यात अजून सहा जागा शिल्लक. तसाच धुवायला दिला तर सहा फोटोंचे पैसे पाण्यात. म्हणून उरलेल्या जागांसाठी काहीतरी शोधायचं. शाळेतला निरोप समारंभ, झेंडावंदन, नवं बाळ. तरी एकदोन उरतातच. मग एखाद्या रविवारी आजोबा अंगणात येऊन म्हणायचे, ‘दोन राहिल्यात, चला.’ मुलं धावत यायची. आजी आत पळायची, कारण केस विंचरलेले नसायचे.

आत्याने मला हे सांगितलं तेव्हा मी वही घेऊन मोजायला बसलो. अठरा वर्षं, एकतीस रोल, तीनशे बहात्तर फोटो. माझ्या एका गोव्याच्या ट्रिपचे यापेक्षा जास्त आहेत. त्यातल्या त्रेपन्न फोटोंपुढे ‘रोल संपवणे’ लिहिलंय. बाकीचे तीनशे एकोणीस फोटो कुठल्याही घरातले असू शकतात: रांगेत उभी माणसं, सरळ हात, कॅमेऱ्याकडे रोखलेले डोळे. आमचं घर, आमची आळी, रोजचा दिवस कसा असायचा हे फक्त त्या त्रेपन्नांत दिसतं. परसातलं बंब तापवण्याचं ठिकाण. खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया. सायकलच्या दांड्यावर बसलेले पाच-सहा वर्षांचे बाबा. दारात थांबलेला बोहारणीचा बोचका आणि त्यापुढे वाकलेल्या तीन बायका.

* * *

रोल ५ ची नोंद मी जशीच्या तशी उतरवतो:

१ ते ६. धाकटीचं लग्न. मे ७२.
७, ८, ९. झेंडावंदन. स्वातंत्र्यास २५ वर्षे.
१०. साहेबांची भेट.
११. विहीर. रोल संपवणे. जाने. ७३.
१२. वाया.

१९७२ चा दुष्काळ मी शाळेच्या पुस्तकात वाचलाय. माण तालुका पर्जन्यछायेतला, त्यामुळे घरातही तो सतत बोलण्यात यायचा: मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेली माणसं. पण आजोबांनी दुष्काळाचा फोटो काढला नाही. त्यांच्या लेखी तो फोटोचा विषयच नव्हता. मे ते जानेवारी या काळात आजूबाजूला एवढं सगळं घडत असताना कॅमेऱ्यासमोर लग्न आलं, झेंडा आला, तपासणीला आलेले साहेब आले.

अकरावा फोटो घाईत काढलेला आहे, क्षितिज तिरकं आहे. विहिरीच्या कठड्यावर चार बायका. एकीच्या हातातला दोर खाली गेलाय, इतका लांब की बाकीचं वेटोळं जवळजवळ संपलंय. कठड्याजवळ रिकामे हंडे आणि कळश्या रांगेत लावलेले. त्या रांगेचं दुसरं टोक फोटोत मावलेलं नाही. कुणीही कॅमेऱ्याकडे बघत नाही. बघण्याइतकी उसंत कुणाला नसावी.

आमच्या घरात दुष्काळाचा एवढा एकच फोटो आहे आणि तो लग्नाचे फोटो लवकर मिळावेत म्हणून काढलाय.

याबद्दल मला आजोबांना दोष द्यावासा वाटत नाही, पण त्यांना मोठं करायचाही मोह टाळतो. नारायण दाजींच्या काळातल्या ‘नमुन्यां’सारखीच या बायकांची नावंही वहीत नाहीत. आत्याने एकीला ओळखलं, तिची चुलती. बाकी तिघी ‘विहीर’ या एका शब्दात गेल्या.

रोजच्या जगण्याकडे मुद्दाम बघणारे लोकही होतेच. होमाई व्यारावालांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत शिकत-राहत असताना शहरातलं साधं जगणं आणि जे. जे. स्कूलमधल्या मैत्रिणी टिपल्या. सुरुवातीला ती छायाचित्रं त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जायची. पुढे त्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. नेहरूंचे त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण ते काम करणारी माणसं थोडी आणि शहरातली. दहिवडीसारख्या गावात असं बघायला कुणी येणार नव्हतं. तिथे रोजचा दिवस फोटोत शिरला तो मागच्या दाराने.

* * *

पुढचा भाग तुम्हालाही माहीत आहे. बाबांच्या काळात ३५ मिलिमीटरचा रंगीत रोल आला, छत्तीस फोटोंचा. नीट भरला तर सदतिसावाही निघायचा आणि त्याचा आनंद वेगळाच असायचा. आमच्याकडे कोडॅकचा केबी-१० होता. माझ्या लहानपणाच्या अल्बममध्येही शेवटचे दोनतीन फोटो असेच आहेत: टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर, शेजारच्यांची नवी लूना, आणि एका फोटोत नुसता आमचा बंद दरवाजा.

डिजिटल कॅमेऱ्याच्या जन्मकथेत मला एक मजेशीर गोष्ट सापडली. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. शंभर गुणिले शंभर बिंदूंचं कृष्णधवल चित्र, एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. एका कॅसेटवर किती चित्रं मावतील हे ठरवायची वेळ आली तेव्हा त्याने तीस हा आकडा धरला. कारण लोकांना चोवीस आणि छत्तीसच्या रोलची सवय होती, तीस त्यांच्या मधला. रोलच नव्हता, तरी रोलची मर्यादा त्याने सवयीने ठेवून दिली. ती पुढे आपोआप गळून पडली. कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखानाही त्याच दशकात बंद झाला.

आता माझ्या फोनमध्ये तेवीस हजार फोटो आहेत. संपवायला रोल नाही, म्हणून उरलेली जागाही नाही. एका शनिवारी मी छोटी स्क्रिप्ट लिहून तारखांप्रमाणे ते मोजले. बहुतेक फोटो वर्षातल्या वीस-बावीस दिवसांचे निघाले: सण, ट्रिपा, लग्नं. बाकीच्या दिवसांवर स्क्रीनशॉट आणि ऑफिसातले व्हाइटबोर्ड. जागा अमर्याद मिळाली तरी मी फोटो आजोबांच्या पहिल्या दहा जागांचेच काढत राहिलो होतो.

मग मी एक १२० चा रोल मागवला. आज एका रोलला हजाराच्या आसपास पैसे पडतात, धुण्याचे वेगळे. क्लिक थ्रीच्या लाल काचेवरची धूळ पुसली आणि दहिवडीला गेलो. दोन फोटो एकावर एक आले, कारण चकती फिरवायला विसरलो. हा कॅमेरा तुम्हाला अडवत नाही. बाजार, शाळा, एसटी स्टँड असे ठरवून फोटो काढले. ते यथातथाच आहेत. रविवारी दुपारी दोन राहिले. एक मोकळ्या अंगणाचा काढला. दुसरा बाबांचा, ओट्यावर बसून लसूण सोलताना.

‘काय काढतोस? दाढीसुद्धा केलेली नाही,’ असं म्हणत ते उठायला लागले. तेवढ्यात मी खटका दाबला.

* * *

रोल धुऊन यायची वाट बघताना मला औषधांच्या पाकिटांची आठवण झाली.

आजीकडे बाबांचा जुना स्मार्टफोन होता. तिला त्यात दोनच गोष्टी यायच्या, फोन घेणं आणि फोटो पाठवणं. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी तळहातावर ठेवून ती फोटो काढायची आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. मी पुण्यातून ऑनलाइन मागवायचो. दोन वर्षांत असे कितीतरी आले. फोनची जागा भरली की अ‍ॅप नको असलेले फोटो सुचवतं: पावत्या, मीटरचं रीडिंग, औषधं. मी ‘सगळे निवडा’ करून ते पुसत आलो. दोनशे चौदाच्या मोजणीत ते नव्हतेच, कारण त्यांत चेहरा नाही.

जुन्या चॅटच्या बॅकअपमध्ये सात सापडले. सातही फोटोंत मध्यभागी गोळ्यांची पट्टी आहे. तिच्याभोवती आजीचा तळहात, हिरव्या बांगड्या, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग, खाली शहाबादी फरशी. एकात चहाची बशी आणि पुढे आलेली मांजर. एकात तिची सावली. ती कुणासाठी सजली नव्हती, कुणाच्या मागे उभी नव्हती.

ते सात मी छापून घेतले आणि डब्यात ठेवले. त्यासोबत १९८८ चा बारावा फोटोही छापला, काहीही न कापता, ओट्यासकट, सुपासकट. मूळ आकारात, सहा सेंटिमीटर चौरस. भिंतीवरची तसबीर बदलायला घरातलं कुणी तयार नाही आणि मीही आग्रह धरला नाही. हा छोटा फोटो स्वयंपाकघरात मांडणीच्या दाराला चिकटवला. वहीत रोल ३१ च्या खाली एक ओळ सोडून लिहिलं: रोल ३२. फोटो १२. बाबा, घरी. रोल संपवणे.

दिवाळीला आत्या आली तेव्हा चहा टाकता टाकता थांबून त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा म्हणणार, असला फोटो लावत्यात का.

‘ते सूप हाय अजून,’ ती म्हणाली. ‘माळ्यावर, डब्याच्या मागं.’